शीर्षकातून गळालेला खानदेश

पबमेडवर किंवा गूगल स्कॉलरवर धुळे-जळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून आलेले पेपर शोधत बसलं की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. अनेक शीर्षकांत धुळंही नसतं आणि जळगावही नसतं. ‘उत्तर महाराष्ट्रातील एका टर्शरी केअर रुग्णालयातील अभ्यास’ किंवा ‘पश्चिम भारतातील ग्रामीण रुग्णालयाचा अनुभव’ अशी नावं असतात. गावाचं नाव उरतं ते लेखकाच्या पत्त्यात, बारीक टायपात. असं करा म्हणून कुणी सांगितलेलं नसतं. आधीच्या सीनियरनं तसं ठेवलं, त्याच्या आधीच्यानंही तसंच ठेवलं होतं, एवढंच. पण मला या सवयीतच दुखण्याचं मूळ दिसतं. इथला पेपर परत येतो तेव्हा लोक इंग्रजीला दोष देतात. संपादकाची खरी तक्रार बहुतेक वेळा वेगळी असते: हा अभ्यास नेमक्या कुठल्या लोकांबद्दल आहे, हेच कळत नाही.

संस्थांची वानवा आता राहिलेली नाही. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गावाच्या तोंडी ‘हिरे मेडिकल’, आणि त्याच शहरात जवाहर मेडिकल फाउंडेशनचं एसीपीएम. जळगावला डॉ. उल्हास पाटील वैद्यकीय महाविद्यालय, आणि 2018 पासून सिव्हिल हॉस्पिटलच्या जागी शासकीय महाविद्यालय. नंदुरबारला 2020 मध्ये आणखी एक. शिरपूरचं आर. सी. पटेल फार्मसी कॉलेज वेगळंच. ही वैद्यकीय महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत, आणि एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. म्हणजे दर वर्षी तीन जिल्ह्यांत प्रबंधांची एक नवी थप्पी लागते. त्यातून पेपर किती निघतात आणि किती ग्रंथालयाच्या कपाटात बांधलेल्या पुठ्ठ्यात राहतात, हे ज्याच्या त्याच्या कॉलेजच्या लोकांना चांगलं ठाऊक आहे.

विषयांचीही वानवा नाही. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पाड्यांवरचा सिकलसेल आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत आणि सगळीकडच्या कपाशीवर फवारणीचे दिवस आले की अपघात विभागात येणारी विषबाधा आहे. दोंडाईचाच्या मिरची बाजारात दिवसभर मिरची चाळणाऱ्या बायकांचा खोकला आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यावरचे अपघात आहेत. आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो, ते ऊन आहे.

आपल्याकडून मोठ्या जर्नलला पेपर लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रानं वारंवार खोटी पाडली आहे. मुंबईत वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ लॅन्सेटमध्ये कळवला, तो 1952 मध्ये. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांची नोंद त्याच लॅन्सेटमध्ये 1958 साली आली. त्या काळी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची आजची काटेकोर पद्धत तिथे अजून बसायची होती, हे खरं. पण हिंमतराव बावस्करांचं काय? महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण पाहताना त्यांनी खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, फुप्फुसातलं पाणी यांच्या नोंदी ठेवल्या. 1986 साली रक्तदाबावरच्या प्राझोसिन या गोळीचा विंचूदंशातला उपयोग त्यांनी लॅन्सेटमध्ये मांडला. पुढे 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांची चाचणी आली. रुग्ण अवघे सत्तर. पस्तीस जणांना प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरचं प्रतिविष, पस्तीस जणांना नुसतं प्राझोसिन. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात 32, दुसऱ्यात 8. एवढ्या दोन आकड्यांसाठी त्या जर्नलनं पानं दिली, कारण प्रश्न असा होता की त्याचं उत्तर लंडनला मिळणार नव्हतं.

गडचिरोलीच्या बंग दांपत्याचं उदाहरण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. 1989 च्या त्यांच्या लॅन्सेट निबंधात दोन गावांतल्या 650 स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. 1999 चा नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा अभ्यास 39 गावांत काळजी देऊन आणि 47 गावांशी तुलना करून झाला. दोन्हीकडे मोजणी गावाची होती. दवाखान्यात कोण आलं यावर ती अवलंबून नव्हती. छेद पक्का होता. अंशाच्या खाली छेद कुठला, या एका प्रश्नावर आपल्याकडचे बहुतेक पेपर पडतात.

आता सिकलसेलचं उदाहरण जरा जवळून पाहू. एमडीचा विद्यार्थी सिनॉप्सिस लिहायला बसतो आणि नमुन्याचा आकार काढतो. सूत्र पाठ असतं: चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एलचा वर्ग. आधीच्या एखाद्या अभ्यासावरून तो धरतो की समाजात वीस टक्के लोकांत सिकल जनुक असेल. म्हणजे पी 20, क्यू 80. चूक चालेल ती चार टक्क्यांपर्यंत. चार गुणिले वीस गुणिले ऐंशी म्हणजे 6400, भागिले सोळा, उत्तर 400. गाइड सही करतात, एथिक्स कमिटी मान्यता देते, विद्यार्थी शिरपूर किंवा अक्राणी तालुक्यातल्या दहा पाड्यांवर जाऊन प्रत्येकी चाळीस जणांचं रक्त घेऊन येतो. पेपर जातो आणि परीक्षक पहिल्याच ओळीत विचारतो: डिझाइन इफेक्ट कुठे आहे?

प्रश्न बरोबर असतो. पाडा म्हणजे भावकी. सिकलसेल आईबापांकडून येतो. एका पाड्यावरचे चाळीस जण म्हणजे एकमेकांचे चुलते, भाचे, सुना. ती चाळीस वेगवेगळी माणसं म्हणून मोजता येत नाहीत. डिझाइन इफेक्ट दोन धरला तर 400 चे 800 होतात, आणि चाळीस-चाळीसच्या दहा पाड्यांऐवजी कमी-कमी माणसं घेऊन जास्त पाडे करावे लागतात. रक्त घेऊन झाल्यावर हे कळलं तर उपाय नाही. संख्याशास्त्राच्या माणसाला गोळा झालेली एक्सेल शीट दाखवण्यात अर्थ नसतो. त्याला सिनॉप्सिसच्या वेळीच, पाडे निवडण्याआधी बोलवावं लागतं. सिकलसेलवर महाराष्ट्रात ज्यांनी आयुष्य घातलं त्या पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांच्या कामाचं एक मोठं क्षेत्र नंदुरबारच होतं. त्यामुळे या भागातल्या नव्या पेपरला ‘आधी काय झालं आहे’ हा परिच्छेद परदेशी संदर्भांनी भरण्याचीही गरज नाही. 1 जुलै 2023 ला केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून तपासणी खूप वाढली आहे. मोहिमेतली तपासणी आणि सर्वेक्षण यांतला फरक लेखकानं पहिल्या परिच्छेदातच सांगून टाकावा, नाहीतर तो परीक्षक सांगतो.

छेदाचा दुसरा घोळ भूगोलाचा. आजचा धुळे जिल्हा 1 जुलै 1998 आधीच्या धुळे जिल्ह्यापेक्षा कितीतरी लहान आहे, कारण त्या दिवशी नंदुरबार वेगळा झाला. 1991 च्या जनगणनेतलं धुळं आणि 2001 चं धुळं शेजारी-शेजारी ठेवून ‘आदिवासींचं प्रमाण घटलं’ असा निष्कर्ष काढला तर तो निष्कर्ष सातपुड्याचा नसतो, मंत्रालयातल्या अधिसूचनेचा असतो. शिवाय रुग्ण जिल्ह्याच्या सीमा पाळत नाहीत. नवापूरचा माणूस सुरतेला जातो, शिरपूरचा सेंधव्याला किंवा इंदूरला, रावेरचा बऱ्हाणपूरला. हिरे मेडिकलच्या वॉर्डात जो येतो तो या सगळ्यातून गाळून आलेला असतो: एक तर गरीब, नाहीतर महामार्गावर पडलेला, नाहीतर दोन दवाखाने करून थकलेला. असा रुग्णालयीन अभ्यास कमी दर्जाचा ठरतो असं नाही. पण ‘धुळे जिल्ह्यात या रोगाचं प्रमाण इतकं’ हे वाक्य त्यातून निघत नाही, आणि तेच वाक्य निष्कर्षात हमखास सापडतं.

2020 च्या उन्हाळ्यात जळगावला छेदाचा हा घोळ फार कडवटपणे अनुभवायला मिळाला. कोविडच्या मृत्युदरात जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं. त्यात व्यवस्थेचे दोष होतेच, ते झाकण्यात अर्थ नाही. पण सुरुवातीला जिल्ह्याचे स्वॅब तपासणीसाठी धुळ्याला जात होते, अहवाल यायला वेळ लागत होता, आणि तपासणी मुख्यतः गंभीर रुग्णांची होत होती. छेद लहान झाला की भागाकार फुगतो. तो काळ आज कुणी नीट लिहिला, आठवड्यागणिक तपासण्या, बाधित, मृत्यू आणि अहवालाला लागलेला वेळ एकाच तक्त्यात ठेवला, तर कुठलंही चांगलं सार्वजनिक आरोग्याचं जर्नल तो पेपर वाचायला घेईल. कागद अजून दप्तरात असणार.

उन्हाचंही तसंच. अहमदाबादच्या मे 2010 च्या लाटेवर 2014 मध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये निबंध आला. त्यात उष्माघाताचं निदान झालेले रुग्ण मोजलेच नव्हते. महापालिकेच्या मृत्यू नोंदवहीतले सगळे मृत्यू घेतले, आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या मे महिन्याशी ताडले, आणि जादा मृत्यू निघाले 1344. तापमान हवामान खात्याचं, मृत्यू पालिकेचे. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिकांकडे अशा नोंदी आहेत. ना रक्त घ्यायचं, ना किट विकत आणायचं. हा अभ्यास अहमदाबादला झाला आणि भुसावळच्या शेजारी कुणी पेन उचललं नाही, याचं मला वाईट वाटतं. नोंदवहीवरच्या अभ्यासालाही एथिक्स कमिटीकडे अर्ज करावा लागतो. सूट मिळाली तरी ती कमिटीच्या पत्रानं मिळते, आपण स्वतःला द्यायची नसते.

परवानगीच्या बाबतीत नियम स्पष्ट आहेत आणि तरी सर्वांत जास्त पेपर इथेच अडकतात. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमिटीत संस्थेबाहेरचे अध्यक्ष, कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा माणूस आणि एक सामान्य नागरिक लागतो. काम झाल्यावर मागच्या तारखेनं मान्यता मिळत नाही. मागणाऱ्यानं मागू नये आणि देणाऱ्यानं देऊ नये. औषध किंवा उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआयवर नोंदणी लागते. 2007 मध्ये ही नोंदवही सुरू झाली आणि 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधी केलेलीच नोंदणी धरली जाते. पैसे पडत नाहीत, वेळ मात्र जातो, कारण प्रश्न विचारत-विचारत ते अर्ज परत पाठवतात. संमतीपत्राचं तर विचारूच नका. पावरी बोलणाऱ्या बाईच्या अंगठ्याखाली कार्यालयीन मराठीतलं दोन पानी पत्र असतं. साक्षीदार म्हणून सही असते ती वॉर्डबॉयची. कमिटीनं ते पत्र मान्य केलेलं असतं, म्हणून पेपरमध्ये ‘संमती घेतली’ असं एक वाक्य लिहून मोकळं होता येतं. चांगलं जर्नल हल्ली विचारतं, कुठल्या भाषेत घेतली, वाचून कुणी दाखवली.

लिहिण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याची पुस्तकं आणि कार्यशाळा पुष्कळ आहेत. प्रबंध शंभर पानांचा असतो, पेपर तीन हजार शब्दांचा. प्रबंधाला कात्री लावून पेपर होत नाही. तो कोऱ्या कागदावर नव्यानं लिहावा लागतो: आधी तक्ते, मग निष्पत्ती, मग पद्धत, मग चर्चा, प्रस्तावना आणि सारांश शेवटी. निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोबची 22 कलमांची यादी आहे, चाचणीला कॉन्सॉर्ट, केस रिपोर्टला केअर, आढाव्याला प्रिझ्मा. या याद्या पेपर पाठवायच्या आदल्या रात्री भरायच्या नसतात; सिनॉप्सिसच्या वेळी त्या समोर असल्या तर निम्मी कलमं आपोआप भरून निघतात. चर्चेत मागच्या वीस अभ्यासांशी आपला आकडा ‘जुळतो’ किंवा ‘जुळत नाही’ एवढंच लिहून थांबणं ही आपल्याकडची जुनी खोड. का जुळत नाही, हे सांगायलाच तर चर्चा असते. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन वापरलं तर ते कळवावं. त्याला लेखक करता येत नाही, असं वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता पुन्हा शीर्षकातल्या गावाकडे. इतिहासाचार्य राजवाड्यांचा शेवट धुळ्यातच झाला, 31 डिसेंबर 1926 ला, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे उभं आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापताना कागद कुठल्या गावी, कुणाच्या दप्तरात मिळाला हे नोंदवण्याचा त्यांचा कटाक्ष होता. ज्या शहरात ही शिस्त रुजली त्याच शहरातून ‘एका टर्शरी केअर रुग्णालयात’ असं मोघम लिहिलेला पेपर बाहेर पडावा, हे बरं दिसत नाही.

पेपर पाठवायचा कुठे, यावर बोलताना बढतीचा विषय टाळता येत नाही. 2022 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांत मेडलाइन, पबमेड सेंट्रल, स्कोपस, एम्बेस, डीओएजे अशा सूचींतली जर्नल्स धरली गेली, आणि श्रेय पहिल्या तीन लेखकांना किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला. एकटा केस रिपोर्ट त्यात बसत नव्हता. हेतू चांगला असेल, पण मुलाखतीची तारीख जवळ आलेल्या सहायक प्राध्यापकाला जर्नलचा दर्जा बघायला सवड नसते. त्याच्या मेलबॉक्समध्ये रोज कुणीतरी ‘आदरणीय डॉक्टर’ म्हणून बोलावत असतं: आठवड्यात स्वीकृती, काही हजार रुपये, प्रमाणपत्र मोफत. 2013 मध्ये जॉन बोहॅनन यांनी सायन्ससाठी एक सापळा रचला. ठार चुकीचा, बनावट पेपर त्यांनी 304 जर्नल्सना पाठवला. 157 जणांनी तो स्वीकारला, आणि त्यांतले बरेच प्रकाशक भारतातले होते. 2017 मध्ये नेचरमध्ये आलेल्या एका पाहणीत अशा संशयास्पद जर्नल्समधल्या 1907 पेपरांचे लेखक तपासले होते. भारताचा वाटा सर्वांत मोठा, 27 टक्के. यूजीसीनं केलेली जर्नल्सची केअर यादी 2025 च्या फेब्रुवारीत बंद झाली, तेव्हा यादीवर डोळे मिटून विसंबण्याचे दिवस तसेही संपले. संपादक मंडळातल्या एखाद्या माणसाला सरळ ईमेल करून ‘तुम्ही खरंच तिथे आहात का’ विचारावं. मला यापेक्षा खात्रीची कसोटी माहीत नाही.

चांगली जर्नल्स देशात आहेत. आयसीएमआरचं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च 1913 पासूनचं. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेज-केईएमचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन 1955 चं. संमतीचे, गरिबीचे, रुग्णहक्काचे प्रश्न असतील तर मुंबईचं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स. पाडे-गावांचे अभ्यास इंडियन जर्नल ऑफ कम्युनिटी मेडिसिनमध्ये शोभतात. वाचायला जर्नल मिळत नाहीत ही तक्रार 1 जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे सरकारी महाविद्यालयांपुरती बरीच मिटली, तेरा हजारांच्या आसपास जर्नल्स त्यात आहेत. खासगी महाविद्यालयाच्या वाट्याला मात्र अजून पबमेड सेंट्रल आणि ओळखीचा कुणीतरी.

पेपर गेला की दोन-चार महिने शांतता, आणि मग परीक्षकांची पत्रं. रिजेक्शनचं वाईट वाटून घेणारे पुष्कळ असतात. खरं नुकसान करतात ते ‘मेजर रिव्हिजन’ आल्यावर रागावून पेपर काढून घेणारे आणि तसाच्या तसा दुसरीकडे टाकणारे. विषय अरुंद असला की दुसऱ्या जर्नलचा परीक्षकही तोच निघतो. उत्तर कसं द्यावं? समजा प्रश्न आला आहे: तुमच्या 400 पैकी किती जण एका कुटुंबातले? ‘परीक्षकांचे आभार, सूचना मान्य’ हे उत्तर होत नाही. कुटुंब क्रमांक शीटमध्ये असेल तर मोजावं, कुटुंबनिहाय विश्लेषण पुन्हा करावं, नवा आकडा आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल कुठल्या पानावर कुठल्या ओळीत घातला ते लिहावं. कुटुंब क्रमांक टिपलाच नसेल तर तसं सांगून तो मर्यादांच्या परिच्छेदात टाकावा. परीक्षक चुकीचा असेल तर त्याला संदर्भासह नाही म्हणता येतं, आणि संपादक ते ऐकतात. पाड्याची घडण त्याला माहीत नसणं साहजिक आहे. ती आपल्याला माहीत आहे, हेच तर आपलं भांडवल.

राहतो लेखकांच्या नावांचा प्रश्न. संपादकांच्या त्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष चार: कल्पनेत, आराखड्यात किंवा माहितीच्या कामात भरीव वाटा, लेखनात किंवा चिकित्सक तपासणीत भाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही हवेत. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव, ही भेट झाली. उलट रक्त गोळा करणारी आशा किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चालवणारा तंत्रज्ञ आभारातही सापडत नाही. सरकारी महाविद्यालयांत याला बदल्यांची जोड मिळते. गाइडची बदली लातूरला झालेली, विद्यार्थी परीक्षा देऊन पुण्याला किंवा परदेशात गेलेला, डेटा कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपमध्ये. जर्नलनं मूळ शीट मागितली की फोनाफोनी सुरू होते. म्हणून सिनॉप्सिसवर सह्या होतात त्याच दिवशी तीन गोष्टी एका कागदावर लिहून घ्याव्यात: पहिला लेखक कोण, डेटा विभागात कुठे राहील, आणि प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिन्यांत विद्यार्थ्यानं मसुदा दिला नाही तर तो लिहायचा हक्क कुणाचा. पत्रव्यवहाराला कॉलेजचा ईमेल द्यावा आणि त्याबरोबर बदलीनंतरही चालणारा एक स्वतःचा पत्ता. आणि शीर्षकात जिल्ह्याचं नाव घालावं. ‘धुळे’ रोमन लिपीत एकाच स्पेलिंगनं, कारण जुन्या पेपरांत ते दोन-तीन तऱ्हांनी सापडतं आणि शोधणाऱ्याच्या हातून निम्मे सुटतात.